बार्बराची ओटी

दुपारच्या चहाच्या सुमारास आमच्या मांडणीतली ताटं वाजायची. आधी डोंगराकडून एक लांबलचक भोंगा यायचा, मग थोडा वेळ सगळं चिडीचूप, आणि मग पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटून ताटं एकमेकांवर किणकिणायची. आई एका हाताने चहाचं भांडं धरून ठेवायची आणि म्हणायची, "उडवला वाटतं यांनी." तिच्या दृष्टीने त्या डोंगरातला प्रत्येक स्फोट बाबा एकटे, स्वतःच्या हाताने करत होते. बाबा घरी कधी येणार याचा अंदाजही ती ताटांवरूनच बांधायची. ताटं खणखणीत वाजली की काम सुरळीत, कुकर वेळेवर लावायचा. नुसतीच कुजबुजली की काहीतरी अडलंय, भात उशिरा टाकायचा. हा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा आणि भात गार व्हायचा, पण तिने ती पद्धत काही सोडली नाही.

गाव अगदी लहान होतं. एर्लांगेनहून रीजनल ट्रेनने उत्तरेला निघायचं, मध्ये एकदा गाडी बदलायची, आणि डोंगर अगदी खिडकीशी आले की उतरायचं. रेल्वेसाठी तिथे बोगदा खणत होते आणि त्यातल्या भोकं पाडणाऱ्या अजस्र यंत्रांची जबाबदारी बाबांकडे होती. ते मूळचे साताऱ्याचे, शिकलेले पुण्यात, मेकॅनिकल इंजिनिअर. मी बारा वर्षांची असताना आम्हाला त्यांनी इकडे आणलं. महिन्यातून एकदा आम्ही तिघं एर्लांगेनला जाऊन तूरडाळ, पोहे आणि नारळ घेऊन यायचो, बाकी सगळं आई गावातल्या दुकानातल्या वस्तूंवर भागवायची. राईच्या पिठाची तिची थालीपीठं काळपट व्हायची, पण खमंग लागायची. जर्मन लोक क्वार्क म्हणून जे आंबटसर दही-चक्क्यासारखं खातात, ते रात्रभर फडक्यात टांगून ती त्याचं असं श्रीखंड करायची की माझ्या मावशीने पुढे पुण्यात गायीचं, म्हशीचं, सगळं दूध वापरून पाहिलं, पण तिला ते जमलं नाही. आज मी स्वतः म्हातारी आहे, डॉक्टरांनी साखर बंद केलेली आहे, आणि तरी हे लिहिताना तोंडाला पाणी सुटतं आहे.

जेवणाचं टेबल हीच माझी खरी शाळा होती. बाबा ताटातल्या भाताचा डोंगर करायचे, चमच्याने त्यात कमान कोरायचे आणि वाटाण्यांनी दाखवायचे, की सुरुंगाची भोकं कुठे पाडतात, मधली आधी का उडवतात, कडेची शेवटी का. भात का कोसळत नाही हे मला शाळेतल्या कोणत्याही विषयापेक्षा जास्त कळायचं. आई म्हणायची, अन्नाशी खेळू नका, आणि बाबा म्हणायचे, खेळत नाही, शिकवतोय. त्या शिकवण्याचा परिणाम काय होणार आहे याची कल्पना त्यांना नसावी. मला त्या बोगद्याने पार वेड लावलं होतं. वर्गातल्या मुलींच्या खोल्यांमध्ये गाणाऱ्या पोरांची चित्रं होती, माझ्या खोलीत बाबांनी टाकून दिलेला बोगद्याचा उभा छेद होता.

आता बाबांच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. ते कट्टर विज्ञानवादी. आईच्या चतुर्थीची चेष्टा, अमावास्येला नवीन काम सुरू न करण्याची चेष्टा, लिंबू-मिरचीची तर विचारायलाच नको. पण बोगद्याच्या तोंडाशी, काचेच्या कोनाड्यात संत बार्बराची लाकडी मूर्ती होती. ती खाणवाल्यांची, बोगदेवाल्यांची, तोफखान्याची, थोडक्यात जिथे जिथे दारू उडवतात तिथली राखणदार. आत जाणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोर क्षणभर थांबायचा आणि बाबाही थांबायचे. नुसते थांबायचे नाहीत, तर हेल्मेटला हात लावायचे. आईने हे कुणाकडून तरी ऐकलं आणि तिला इतका आनंद झाला की आठवडाभर ती जेवताना एकदम गंभीर चेहरा करून विचारायची, "आज देवीला नमस्कार केलात ना?" बाबा म्हणायचे की ती श्रद्धा नाही, ती कामाच्या जागेची शिस्त आहे. त्या शिस्तीत आणखी एक कलम होतं. खोदकाम चालू असताना बाईमाणसाने आत पाऊल टाकायचं नाही, डोंगर कोपतो. त्या काळातही दुसरीकडे बायका बोगद्यांवर कामं करत होत्या, पण आमच्या डोंगरावरची मंडळी जुन्या वळणाची होती आणि बाबांनी त्यांचं हे कलमही निमूट स्वीकारलं होतं. अमावास्येला हसणारा माणूस यावर मात्र हसत नव्हता. आत काम करणाऱ्यांचा जीव रोज टांगणीला असतो, त्यांच्या मनात शंका येईल असं काही करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं, हे मी आज मान्य करते. तेव्हा नुसता राग यायचा.

कारण नववीत आमच्या शाळेत प्राक्टिकुम असायचं. प्रत्येक मुलाने दोन आठवडे कुठेतरी खऱ्या कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं. कुणी बेकरीत जायचं, कुणी दाताच्या डॉक्टरकडे. जागा आपली आपण शोधायची. मला शोधायची गरजच नव्हती. वाटाण्यांनी सुरुंग लावायला शिकवणारा माणूस माझ्याच घरात राहत होता. मी विचारलं आणि बाबा पाणी पिता पिता थांबले.

"बोगद्यात नाही," ते म्हणाले. "डेंटिस्टकडे जा. मी बोलतो त्यांच्याशी."

मी म्हटलं, मला लोकांच्या दातांत भोकं पाडायची नाहीत, डोंगरात पाडायची आहेत. बाबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं, आणि नाही म्हणजे नाही असं सांगून उठले. मी दोन दिवस त्यांच्याशी जर्मनमध्येच बोलले. घरात जर्मन बोललेलं आईला खपायचं नाही, पण या वेळी तिने ते खपवून घेतलं. जागेचं नाव शाळेत नाताळच्या सुट्टीआधी सांगायचं होतं. डेंटिस्ट बाईंनी हो म्हणून कळवूनही टाकलं होतं. मला पंधरा वर्षांच्या आयुष्यात कशासाठीच इतकं रडू आलं नव्हतं.

आईने बार्बराला प्रथम पाहिलं ते आम्ही गावात आलो त्याच महिन्यात, कोनाड्याच्या काचेबाहेरून. तेव्हापासून तिचं त्या मूर्तीबद्दल फार चांगलं मत होतं. मूर्तीच्या एका हातात तलवार होती आणि दुसऱ्या हातात तीन बारक्या खिडक्यांचा छोटा मनोरा. आईने ताबडतोब ठरवून टाकलं की ती दीपमाळ आहे. देवळापुढची दीपमाळ हातात घेऊन उभी असलेली देवी तिने आजवर पाहिली नव्हती, पण अंधारात जाणाऱ्यांची देवी म्हटल्यावर तिच्या हातात दिवे असायचेच, यात तिला नवल वाटलं नाही. तलवार तर कोणत्याही चांगल्या देवीकडे असतेच. शत्रू मारला असेल कुणीतरी, राक्षस वगैरे. तीन वर्षं आईचा हा समज कायम होता आणि बाबांनी तो दुरुस्त केला नाही, कारण त्यांनाही नेमकी गोष्ट माहीत नव्हती.

ती सांगितली अलोईसने. अलोईस हा बोगद्यातल्या टोळीचा मुकादम, तिथे पोलीर म्हणतात. ऑस्ट्रियातल्या डोंगरांतला, खांद्यांनी दार अडवणारा, पिकल्या मिशांचा. त्याचं घरदार दूर होतं, म्हणून बाबा त्याला अधूनमधून रविवारी जेवायला आणायचे. वरण-भात-तूप त्याला इतकं आवडायचं की तो ते सूप म्हणून एकदा आणि जेवण म्हणून पुन्हा एकदा खायचा. डिसेंबर तोंडावर आला होता. चार तारखेला बार्बराचा सण, त्या दिवशी काम बंद, बोगद्यातच प्रार्थना आणि जेवण. तो एकच दिवस असा की बायकामुलांना आत यायची परवानगी. आईने सहज विचारलं की या देवीने नेमकं कुणाला मारलं. अलोईस चमचा खाली ठेवून गोष्ट सांगायला लागला, आणि मी तोंडातला घास गिळत गिळत वाक्यावाक्याने ती मराठीत करत गेले.

फार जुनी गोष्ट, सध्याच्या तुर्कस्तानातली. एका श्रीमंत माणसाची बार्बरा ही एकुलती एक मुलगी. तिला बाहेरचं वारं लागू नये म्हणून बापाने तिला मनोऱ्यात ठेवलं. इथे आईने एकदम मान वर केली. दीपमाळ गेली होती. मुलगी तिथे बसून विचार करायला शिकली, येशूची झाली. बाप प्रवासाला गेला तेव्हा तिने गवंड्यांना सांगून दोन खिडक्यांच्या जागी तीन करून घेतल्या, आपल्या नव्या देवाची खूण म्हणून. बाप परत आला, त्याने खिडक्या मोजल्या आणि तो तिला मारायला धावला. मुलगी डोंगराकडे पळाली. समोर कडा आला आणि तो कडा दुभंगला, त्याने तिला आत घेतलं. म्हणून ती आमची, अलोईस म्हणाला. पण एका मेंढपाळाने चुगली केली आणि ती सापडली.

"मग?" आई म्हणाली. "तलवारीने तिने बापाला मारलं?"

मी विचारलं. अलोईसने मान हलवली. तलवार तिची नव्हतीच. बापाची होती. न्यायाधीशाने शिक्षा सुनावली आणि मान बापाने स्वतः उडवली. परत जाताना त्याच्यावर वीज पडली. विजेचं ऐकून अलोईसला नेहमी बरं वाटत असावं, कारण एवढं सांगून त्याने पुन्हा भात घेतला.

आईने मात्र पळी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जेवण आटोपून अलोईस गेल्यावर ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, तुम्ही रोज त्या पोरीला हात जोडता, आणि तिच्या हातात तिच्या बापाची तलवार?" बाबा म्हणाले, मी हात जोडत नाही, हेल्मेटला लावतो, आणि ती तलवार नुसती ओळखीची खूण आहे. पुढचे काही दिवस मात्र बाबा घरात जरा बिचकून वावरत होते. मुलीला कोंडणाऱ्या बापाचा विषय त्यांना फारसा सोयीचा नव्हता.

(पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की या नावाची बाई खरंच होऊन गेली का याबद्दल चर्चवाल्यांनाही शंका आहे. आईला तसं सांगितलं तेव्हा ती ऐंशीची होती. तिने शांतपणे विचारलं की मग इतकी वर्षं ते सगळे सुखरूप बाहेर कुणामुळे आले.)

चार तारखेला भरपूर बर्फ होता. आईने पैठणी नेसली, तिच्यावर बाबांचं जाड जॅकेट चढवलं आणि पायात बर्फातले बूट. हातात श्रीखंडाचा मोठा डबा आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते तिने सांगितलं नाही. बोगद्याच्या तोंडातून आत पाय टाकताना मी श्वास रोखून धरला होता हे मला चांगलं आठवतं. बाहेरच्या थंडीपेक्षा आत ऊब होती. ओल्या सिमेंटचा आणि डिझेलचा वास येत होता, आणि बाबांच्या भातातली कमान माझ्या डोक्यावर खरोखरची उभी होती. कुणी न सांगता मला कळत होतं की कुठलं काय आहे. फार आत जायचं नव्हतं. थोड्या अंतरावर बाकं मांडली होती, पितळी वाद्यांची टोळी होती, आणि पांढरी चादर घातलेल्या टेबलावर कोनाड्यातून आणलेली बार्बरा उभी होती. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. वाद्यं वाजली तेव्हा आवाज कमानीला लागून असा फिरला की अंगावर काटा आला. मग वाटाण्याचं दाट सूप, ब्रेड, बिअर, आणि शेवटी आईचं श्रीखंड. टोळीतली धिप्पाड माणसं वाट्या पुसून खात होती. एकाने तर ते ब्रेडला लावून खाल्लं आणि बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं.

आणि मग आई उठली. सगळ्यांच्या देखत टेबलाकडे गेली, पिशवीतून हिरवा खण काढला, तो मूर्तीच्या पायांशी पसरला, त्यावर तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली आणि टाचा उंचावून मूर्तीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. पाद्रीबाबांच्या हातातला ग्लास तसाच हवेत राहिला. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, आता बाबांची नोकरीही जाणार. मोठ्या आवाजात पहिल्यांदा बोलला तो अलोईस, आणि तोही माझ्याशी. त्याने विचारलं, हे काय आहे?

आई म्हणाली, "सांग त्यांना. लेक माहेराहून निघाली की आम्ही तिची ओटी भरतो. म्हणजे हे घर तुझं आहे, केव्हाही ये. हिला माहेर राहिलं नाही. बापानेच मारलं. म्हणून मी भरली."

मी सांगितलं. माहेर कसं सांगायचं ते सुचेना, तेव्हा म्हटलं, आईचं घर, जिथे मुलीला कधी दार वाजवावं लागत नाही. अलोईसने डोक्यावरची पिसांची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पाद्रीबाबा हलकेच हसले आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या जिवात जीव आला. पण आईचं झालं नव्हतं.

"आणि हेही सांग," ती म्हणाली. "सख्खा बाप मागे लागला तेव्हा या पोरीला आत कुणी घेतलं? डोंगराने. डोंगराला पोरीचं वावडं नव्हतं. मग दार लावणारे तुम्ही कोण?"

मी तोंड उघडलं. माझी आई म्हणते, एवढं जर्मनमध्ये म्हणून झालं, आणि पुढे शब्दच फुटेना. हे माझ्याबद्दल होतं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि मला फक्त बाबा दिसत होते. ते बाकावरून उठले. मला वाटलं, आईला गप्प करतील, काहीतरी गोड बोलून विषय मिटवतील. तसं करणं त्यांना अगदी सोपं होतं, कारण आई काय बोलली हे आम्हा तिघांखेरीज तिथे कुणालाच कळलं नव्हतं. बाबांनी घसा साफ केला आणि आईचं वाक्य जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. डोंगर, पोर, वावडं, दार, एक शब्दही गाळला नाही. मग थांबून स्वतःचं एक वाक्य जोडलं. म्हणाले, माझी मुलगी मला गेला महिनाभर हेच विचारते आहे, आणि मला याचं उत्तर सापडत नाहीये.

आता सगळे अलोईसकडे बघायला लागले. त्याने बार्बराकडे बघितलं, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे, खणातल्या नारळाकडे. मग माझ्याकडे, आणि मग खाली माझ्या पायांकडे.

"आल्झो, बरं तर," तो म्हणाला. "बुटांचा नंबर काय तुझा?"

पहिल्यांदा हसली ती वाद्यवाल्यांची टोळी. मग सगळेच हसले, आणि कुणीतरी मुद्दाम तुतारीतून एक चुकार सूर काढला. मी अडतीस म्हणेपर्यंत बाबांनी मला खांद्याशी धरलं होतं, सगळ्यांसमोर. मला इतका आनंद झाला होता की मी पुन्हा श्रीखंड मागितलं आणि ते संपलं होतं.

त्या संध्याकाळी फोनवर साताऱ्याच्या आजीने आईची खरडपट्टी काढली. तिचं म्हणणं, लग्न न झालेल्या पोरीची कुणी अशी ओटी भरतं का, सवाष्ण तरी बघायची. आई म्हणाली, लेक ती लेक. यावर दोघींचा बराच वेळ वाद चालला आणि बाबा मध्ये पडले नाहीत. कुंकू मात्र मूर्तीच्या लाकडात थोडं मुरलं ते मुरलंच. अलोईसने ते पुसू दिलं नाही.

माझं प्राक्टिकुम फेब्रुवारीत झालं. वय लहान, त्यामुळे नियम कडक. जवळजवळ सगळे दिवस मी वर्कशॉपमध्ये यंत्रांना ग्रीस लावत, पाइप पुसत, बाबांच्या हाताखाली पाने देत काढले, आणि घरी येऊन आईच्या पांढऱ्या टॉवेलांची वाट लावली. आत जायची परवानगी मिळाली ती एकदाच, शेवटच्या आठवड्यात. स्फोट होऊन गेला होता, धूर काढला होता, सैल दगड पाडून झाले होते, छताला सिमेंटचा पहिला थर बसला होता. अलोईस पुढे, मग बाबा, मग मी. चिखलातून चालत आम्ही बरेच आत गेलो. प्रकाशझोतात बोगदा एकाएकी संपला आणि समोर नुसता डोंगर होता, करडा, ताजा तुटलेला, कुठे कुठे चमकणारा. त्याच्यापुढे काही नव्हतं. अलोईसने वर नीट बघून घेतलं, मान डोलावली आणि बाजूला झाला.

बाबांनी मला हातमोजा काढायला सांगितला.

"लाव हात," ते म्हणाले. "हा दगड सकाळपर्यंत डोंगराच्या पोटात होता. ह्याला अजून कुणीच हात लावलेला नाही."

मी लावला. तो ओला होता, गार होता, आणि माझ्या हाताला खरबरीत लागला. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी वळून पाहिलं तर बाबा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते, चुकूनसुद्धा माझ्या आधी त्यांचा हात लागू नये म्हणून.